ख्रिस्तवासी लक्ष्मीबाई टिळक

अलीकडे आपल्या शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलामुलींच्या हाती जपान देशातील चित्रकथांची पुस्तके दिसू लागली आहेत. तिकडे त्यांस मांगा असे म्हणतात. होकुसाई नावाच्या थोर चित्रकाराने १८१४ पासून आपल्या रेखाटनांची जी पुस्तके काढली त्यांसही हेच नाव होते. या चित्रकथांपैकी पुष्कळांत लढाया, राक्षस आणि अचाट पराक्रम यांचीच रेलचेल असते. परंतु त्यांत एक निराळा, शांत प्रकारही आहे. त्यात विशेष असे काही घडतच नाही. आई स्वयंपाक करीत असते, मूल शाळेतून घरी येते, पाऊस पडू लागतो, शेजारीण काही उसने मागावयास येते, आणि तेवढ्यात गोष्ट आटोपते. माचिको हासेगावा या बाईंनी १९४६ साली एका साध्या कुटुंबाची अशी चित्रमाला वृत्तपत्रात सुरू केली आणि ती १९७४ पर्यंत चालली. महायुद्धात होरपळून निघालेल्या लोकांस रोज सकाळी एका घरातील किरकोळ गमती पाहून बरे वाटे, यात नवल ते काय ?

अशी पुस्तके मुलांनी वाचावीत की नाही, असे काही पालक आम्हांस विचारतात. ज्या पुस्तकात काही घडत नाही त्यापासून मुलाने काय शिकावे, अशी त्यांची शंका असते. माझे मत या शांत प्रकारास अनुकूल आहे. घाईने पाने उलटण्याची ज्यास सवय लागली त्यास थांबून पाहावयास लावणारे पुस्तक मिळाले तर ते कोणत्याही देशाचे असो, त्याचे स्वागत करावे. मात्र जो विद्यार्थी जपानातील स्वयंपाकघरात रमतो त्यास माझी एक विनंती आहे. त्याने मराठीतल्या एका स्वयंपाकघरातही जाऊन यावे. ते घर लक्ष्मीबाई टिळकांचे, आणि तेथे जाण्याचा मार्ग म्हणजे त्यांचे स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र. नावातच चित्रे आहेत. पुस्तकात मात्र ती सर्व शब्दांनी काढलेली आहेत. ज्या बाईने ती काढली तिचे चरित्र या लेखात थोडक्यात सांगावयाचे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर या खेड्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले व नाव मनकर्णिका. घरी सर्वजण मनू म्हणत. त्यांच्या जन्मापूर्वीच त्या घरावर एक मोठा आघात होऊन गेला होता. १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात मनूच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. या गोष्टीचा मनूच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, मनावर असा काही परिणाम झाला की तेव्हापासून सोवळ्याओवळ्याचे वेड त्यांच्या मागे लागले ते कायमचे. बाजारातून आलेला कोणताही जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही, असा दंडक पडला. धान्य धुतले जाई, आणि मीठसुद्धा धुण्यातून सुटत नसे. मीठ धुतल्यावर किती उरत असेल याचा हिशेब विद्यार्थ्यांनी आपल्या घरी प्रयोग करून पाहावा. आईची परवानगी मात्र आधी घ्यावी. घरच्या बायकामुलांचा सारा दिवस न्हाणे, धुणे आणि वाळविणे यांतच जाई.

दुसऱ्या एखाद्या लेखकाने हा प्रसंग सांगताना बापाला राक्षस केले असते किंवा त्या काळच्या रूढींवर व्याख्यान झोडले असते. लक्ष्मीबाईंनी दोहोंपैकी काहीच केले नाही. त्यांनी नानांना जसे पाहिले तसे उभे केले आहे. ते विक्षिप्त होते, तापट होते, घरच्यांना त्यांचा धाक होता, आणि त्यांच्या मनात एक खोल जखम होती. वाचता वाचता आपण हसतो, आणि थोड्या वेळाने त्या हसण्याची आपल्यालाच लाज वाटते. लेखिकेने मात्र कोठेही आपल्याला हसा किंवा रडा असे सुचविलेले नसते. माझ्या समजुतीप्रमाणे या पुस्तकाचे सारे बळ येथे आहे.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले व ती लक्ष्मी झाली. वर नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. आई लहानपणीच वारली, वडिलांचा स्वभाव फार कडक. तेव्हा हा मुलगा घर सोडून नाशकास आला व तेथे विद्या करू लागला. बुद्धी तीव्र, संस्कृतचा व्यासंग मोठा, कविता जणू ओठांवर. परंतु संसाराच्या कामी हा पुरुष अगदीच निरुपयोगी होता. घरात पैसा टिकावयाचा नाही आणि एका गावी पाय ठरावयाचा नाही. मनात आले की निघून जात, कोठे गेले हे घरी कळत नसे, आणि मनात आले की परत येत. घरखर्चाच्या पैशांतून काचेची एक सुंदर दौत घेऊन हे कविराज घरी यावयाचे आणि चुलीपाशी बसलेल्या बायकोने त्या दौतीकडे पाहत राहावयाचे, असा तो संसार. राग आला की टिळक आगीसारखे भडकत व तितक्याच लवकर विरघळत. लक्ष्मीबाईही काही मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हत्या. त्या भांडत, रुसत, प्रत्युत्तर देत, आणि प्रसंगी नवऱ्याची अशी फजिती करीत की त्यांनाही हसू आवरत नसे. पतीविषयी आदर बाळगूनही त्याचे दोष इतक्या मोकळेपणाने सांगणारी स्त्री मराठीत त्यापूर्वी झाली नव्हती. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणी फार सुंदर आहेत, पण त्यांत माधवराव हे देवघरातल्या मूर्तीसारखे दिसतात. लक्ष्मीबाईंचे टिळक हे ओसरीवर येरझारा घालणारे, चष्मा शोधणारे, आपल्या शेजारच्या घरात शोभतील असे माणूस वाटतात.

लक्ष्मीबाई शाळेत कधीच गेल्या नाहीत. लिहावयास वाचावयास जे काही आले ते घरी, तुटकतुटक, बरेचसे टिळकांच्याच लहरीवर. आज शाळेत येण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलींनी हे वाचून भलताच अर्थ काढू नये. ज्या बाईला अक्षरओळख इतक्या कष्टाने मिळाली तिने पुढे प्रत्येक शब्द जपून वापरला, एवढेच मी म्हणेन.

पुढे टिळक नागपुरास गेले. तेथील धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व ऋषि नावाचे मासिक चालविले. धर्माविषयी त्यांच्या मनात खळबळ चालूच होती. १८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची भेट झाली व त्याने त्यांस नवा करार दिला. पुस्तक वाचून टिळकांचे मन बदलत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांची चरित्रे लिहिणारे बहुधा येथे मोठे प्रकरण लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी त्यांची पत्नी सव्वीस वर्षांची होती, पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा होता, त्याआधीची काही मुले देवाघरी गेली होती, आणि नवरा जिवंत असता तिची स्थिती विधवेहून अवघड झाली होती. तिचा धर्म गेला नव्हता, पण संसार गेला होता. या बाजूने त्या घटनेकडे पाहावयास स्मृतिचित्रे शिकविते. आम्हां ख्रिस्ती लोकांस ही बाजू पुष्कळदा विसरावयास होते, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्या दुःखाच्या दिवसांतील बराच काळ लक्ष्मीबाईंनी आपली बहीण व मेहुणे यांच्या आश्रयाने पंढरपुरास काढला. म्हणजे त्या आपल्या अगदी शेजारी होत्या. माढ्याहून पंढरपूर ते किती दूर ! आज आपण सकाळी निघून दुपारच्या आत चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचतो. त्या वेळी मात्र कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत आगगाडी झाली नव्हती. ती लहान रुळांची गाडी १९०६ साली सुरू झाली. तोपर्यंत यात्रेकरू बैलगाडीने किंवा पायी आपल्या तालुक्यातूनच पुढे जात असत. आषाढी-कार्तिकीला ज्या गावी लाखो माणसे आपले गाऱ्हाणे घेऊन येतात तेथेच ही बाई आपले गाऱ्हाणे घेऊन वर्षानुवर्षे राहिली होती. पतीने तर पंढरीचा देव सोडला होता. गावातील लोक काय बोलत असतील याची कल्पना करावी. तरी त्या प्रकरणांतही त्यांची विनोदबुद्धी शाबूत आहे. बहिणीच्या घरातील माणसे, त्यांचे रुसवेफुगवे, दत्तूचे हट्ट, हे सर्व त्या अशा रीतीने सांगतात की दुःख मधूनच डोके वर काढते आणि पुन्हा घरकामात बुडून जाते. ज्याच्या घरी कोणी आजारी असेल किंवा दूरदेशी असेल त्यास हे वर्णन किती खरे आहे ते समजेल. मनुष्य दिवसभर रडत बसत नाही. त्यास भाजी निवडावी लागते.

चार-पाच वर्षे अशी गेल्यावर लक्ष्मीबाई मुलास घेऊन नगरकडे पतीजवळ राहावयास आल्या. टिळक तेथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली ब्राह्मण, आणि घर एक, असा तो विलक्षण संसार सुरू झाला. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. टिळक तापट खरे, पण या बाबतीत त्यांनी बायकोवर बळजबरी केली नाही. पुढे राहुरीस बिऱ्हाड गेले. आजूबाजूस सर्व ख्रिस्ती वस्ती, त्यांतील पुष्कळ लोक ज्यांस त्या काळी अस्पृश्य म्हणत त्या जातींतून आलेले. मीठ धुणाऱ्या नानांची मुलगी त्यांच्यामध्ये आपली घागर सांभाळीत राहत होती.

ही घागर कशी सुटली, हे या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मला वाटते. कोणी पंडिताने त्यांस वादात जिंकले नाही, कोणतेही स्वप्न पडले नाही. रोजच्या व्यवहारात एकेक अडचण येत गेली, एकेक माणूस ओळखीचे होत गेले, आणि माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःशीच विचारू लागल्या. उत्तर मिळावयास दिवस लागले. एकदा मिळाल्यावर मात्र त्यांनी मागे पाहिले नाही. यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यास आपली हरकत नाही असे ठरवून तसे वागावयास लागल्या. ख्रिस्ती धर्म त्यांनी यानंतर, १९०० साली, राहुरीस स्वीकारला. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधी पाण्याचा प्याला आणि मग बाप्तिस्मा. आमच्या मंडळीतही जात विचारून लग्ने जुळविणारे लोक आहेत हे आपण सर्व जाणतो. त्यांना बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या, प्याल्याची पायरी अजून यावयाची आहे.

१८९९-१९०० चा दुष्काळ मोठा भयंकर होता. आईबापांवाचून उरलेली मुले मिशनच्या आश्रमांत आली. त्यांची उस्तवार, साथीच्या दिवसांतील शुश्रूषा, हे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. टिळक पतिपत्नींचे घर हे एरवीही धर्मशाळाच होते. कोणी उपाशी आला, कोणी रागावून घर सोडून आला, कोणाचे कोणी नाही, असे सर्व तेथे राहत. टिळकांनी माणूस घरी आणावे आणि त्याच्यासाठी पीठ कोठून आणावयाचे ही काळजी लक्ष्मीबाईंनी करावी, असा कामाचा विभाग ठरून गेला होता. तारा नावाच्या मुलीस त्यांनी पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक तरुण येऊन राहिला. पाठ्यपुस्तकांतून आपण त्यांस बालकवी म्हणून ओळखतो. १९०७ साली जळगावास कवींचे संमेलन भरले होते, तेथे या मुलाची कविता ऐकून टिळकांना त्याचे कौतुक वाटले व पुढे तो त्यांच्या घरचाच झाला. ठोमरे मोठे हळवे, लहरी, रुसके. कवितेची वेळ आली की जेवणाची वेळ विसरावी. एक कवी सांभाळता सांभाळता लक्ष्मीबाईंची पुरेवाट झाली होती, त्यात हा दुसरा ! परंतु त्या दोघांत मायलेकांसारखे नाते जुळले. निसर्गाची इतकी कोवळी गाणी लिहिणारा हा मुलगा ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ आगगाडीखाली सापडून गेला. वय अवघे सत्तावीस. स्मृतिचित्रांतले ठोमरे वाचल्यावर पाठ्यपुस्तकातील कविता निराळी लागते, असा माझ्या वर्गाचा अनुभव आहे. ज्याच्या रुसण्यावर आपण हसलो त्याची कविता पाठ करावयास मुले कुरकुर करीत नाहीत.

टिळकांची कीर्ती वाढत होती. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांस ओळखू लागला. त्यांची भजने आजही आपल्या मंडळीत दर रविवारी गाइली जातात. १९१२ पासून ते ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि देवाचा दरबार या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ स्थापण्याचा प्रयत्न केला. पगार गेला, घर गेले. लक्ष्मीबाईंस पुन्हा नव्याने सर्व मांडावे लागले. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक वारले. ठोमरे गेल्यास वर्ष व चार दिवस झाले होते.

यानंतरची वर्षे मी भराभर सांगतो, कारण बाईंनी ती काढली कशी हे त्यांच्याच पुस्तकात वाचण्यात मौज आहे. मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था त्यांनी काही काळ पाहिली. पुढे मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, यास कराचीस नोकरी लागली, तेव्हा त्या त्याच्या कुटुंबासह तिकडे गेल्या. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. भाषा परकी, हवा परकी, वय पन्नाशीच्या पुढे. तरी तेथेही त्यांनी माणसे जोडली. शेवटी नाशकास परत आल्या व तेथेच राहिल्या.

स्मृतिचित्रे लिहिली गेली ती अशी. देवदत्तांच्या मनात वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आपल्या आठवणी टिपून द्याव्यात असे त्यांनी सुचविले. आई लिहू लागली. शुद्धलेखनाचे नियम तिला ठाऊक नव्हते आणि ग्रंथ कसा रचतात हेही ठाऊक नव्हते. घरी बसून एखादी आजी नातवंडांस सांगते तसे ती लिहीत गेली. देवदत्तांनी ते कागद पाहिले व ओळखले की हे चरित्राचे साधन नसून स्वतःच एक ग्रंथ आहे. ही त्यांची पारख फार मोठी म्हटली पाहिजे. आईच्या वाक्यांवर विद्वत्तेचे रोगण चढविण्याचा मोह त्यांना झाला असता तर मराठी एका अमोल पुस्तकास मुकली असती. संजीवनी या नियतकालिकातून ते लेख येऊ लागले आणि १९३४ च्या अखेरीस पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला.

योगायोग असा की त्याच नाशिक शहरातील तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात साने गुरुजींनी श्यामची आई लिहून काढली होती व १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. तेही घरच्या आठवणींचेच पुस्तक. महाराष्ट्रात चळवळी चालू होत्या, सभा गाजत होत्या, आणि त्याच वेळी एकाच गावात एक कैदी व एक म्हातारी बाई आपापल्या घरातील चूल, विहीर व अंगण यांच्या गोष्टी लिहीत होती. श्यामची आई आपल्या विद्यार्थ्यांनी बहुतेक वाचलेली असते. त्यांना मी इतकेच सांगतो की लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात अश्रू कमी व हसू अधिक आहे. श्यामची आई कधी चुकत नाही. लक्ष्मीबाई मात्र वारंवार चुकतात, ते कबूल करतात आणि पुढच्या पानावर आणखी एक चूक करतात. ज्या मुलास फार उपदेश सोसत नाही त्याने म्हणूनच आधी हे पुस्तक घ्यावे. याच वर्षांत चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊही लोकप्रिय होत होते. घरगुती, संथ, कोणास न बोचणारे लेखन वाचावयाचे असेल त्यास मराठीत त्या काळी वाण नव्हती.

आता पालकांच्या मनातील एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहितो. आपल्या शाळेत हिंदू, मुसलमान, जैन, बौद्ध व ख्रिस्ती अशा सर्व घरांतील मुले येतात. ख्रिस्ती शिक्षकाने धर्मांतर केलेल्या बाईचे पुस्तक वाचावयास सांगितले म्हणजे काहींच्या कपाळास आठी पडेल. त्यांनी ते आधी स्वतः वाचून पाहावे. या पुस्तकात हिंदू घरातील माया, सणवार व नातीगोती इतक्या प्रेमाने आली आहेत की धर्म बदलला म्हणून बाईंनी माहेर टाकले असे कोणी म्हणू शकणार नाही. आणि मिशनमधील माणसांचे दोष, साहेबांचा ताठा व आमच्या ख्रिस्ती लोकांचा लाचारपणा त्यांनी झाकून ठेवलेला नाही. तेव्हा आठी पडावयाचीच असेल तर ती माझ्यासारख्यांच्या कपाळास पडावी. हिंदू व ख्रिस्ती दोन्ही वाचकांनी हे पुस्तक आपले मानले आहे. इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली. एक जोसेफिन इंकस्टर यांनी केलेले १९५० साली निघाले व दुसरे शांता गोखले यांचे २०१७ साली.

लक्ष्मीबाई कविताही करीत. टिळकांनी ख्रिस्तायन या नावाने प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध लिहावयास घेतले होते. अकरा अध्यायांच्या आसपास येऊन ते वारले. ज्या बाईने कधी शाळा पाहिली नाही तिने ते काम हाती घेतले व चौसष्ट अध्याय लिहिले. शेवटचा अध्याय पुत्राने पुरा केला आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहणे लक्ष्मीबाईंच्या नशिबी नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. स्मृतिचित्रांचा चौथा भाग तेव्हा अपुराच राहिला होता.

पुस्तक कसे वाचावे याविषयी दोन शब्द लिहून पुरे करतो. बाजारात त्याची संक्षिप्त आवृत्ती मिळते व संपूर्णही मिळते. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टिपांसह सिद्ध केलेली संपूर्ण आवृत्ती घ्यावी; संक्षेपात नेमके जे गाळतात ते, म्हणजे किरकोळ प्रसंग, या पुस्तकात मुख्य आहेत. आठवीच्या खालच्या मुलांस जलालपूरची प्रकरणे घरी कोणी मोठ्याने वाचून दाखवावीत. रोज रात्री जेवणानंतर एक प्रकरण पुरते. घरी आजी असेल तर तीही ऐकावयास बसते, आणि मीठ धुण्याची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या लहानपणीच्या सोवळ्याच्या दोनचार गोष्टी ती सांगू लागते. तेवढा वेळ पुस्तक मिटून ठेवावे.